मोळी नसलेली बाई

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघी मैत्रिणी पहाटेच्या कसारा लोकलने आटगावला उतरलो आणि रिक्षाने तानसा अभयारण्याकडे गेलो. रानपिंगळा बघायचा होता. वीतभर उंचीचं हे घुबड १८८४ नंतर अभ्यासकांना सापडत नव्हतं. ते नामशेष झालं असंच बहुतेकांनी धरलं होतं. १९९७ साली पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी दोन सहकाऱ्यांसह शहाद्याजवळच्या जंगलात ते पुन्हा शोधलं. तानशात त्याची नोंद झाली ती २०१४ साली.

प्रवासाला खर्च थोडा, पण घरातून निघणं अवघड. एकीने रात्री तीनला उठून सगळ्यांचे डबे भरले. दुसरीने सासूबाईंना ‘शिबिर आहे’ असं सांगितलं. आणि मी? बायांच्या हक्कांवर शिबिरं घेणारी मी शेजारणीला ‘कामासाठी चाललेय’ म्हणाले. पक्षी बघायला जातेय, हे खरं कारण तोंडातून निघालंच नाही.

रानवाटेवर एका मोटरसायकलवाल्याने गाडी थांबवून विचारलं, “बरोबर कुणी नाही?” आम्ही चौघी समोर उभ्या असताना!

थोड्या वेळाने दोन बाया मोळ्या घेऊन आल्या. आम्ही पुस्तकातलं चित्र दाखवलं. एक म्हणाली, “हा तर रोज सकाळी त्या वाळक्या सागावर असतो.” मोळी डोक्यावर तशीच ठेवून तिने हनुवटीने दिशा दाखवली आणि ती पुढे निघाली. खरोखरच तो तिथे होता. बिनठिपक्यांचं तपकिरी डोकं, उन्हात बसलेला, सारखी शेपटी हलवणारा. दहा मिनिटं आम्ही श्वास रोखून पाहिला. जिने तो दाखवला, तिला मात्र थांबायला सवड नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. डोक्यावर मोळी किंवा हंडा असला, की बाई पहाटे रानात गेलेली सगळ्यांना चालते. मोळी नसली, की तिला जाब विचारला जातो. पारावर तासन्‌तास बसणाऱ्या पुरुषाला कुणी ‘कशासाठी बसलास?’ विचारतं का?

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. बाईची सकाळ जाते ती इथे.

काही कार्यकर्त्या म्हणतील, मारहाण, रेशन, पाणी हे प्रश्न असताना हे शहरी चोचले कशाला? मला तसं वाटत नाही. सगळे प्रश्न सुटल्यावर मिळणारं बक्षीस म्हणजे सवड नव्हे. पाणी दाराशी आलं, सरपणाची पायपीट संपली, घरकाम वाटलं गेलं, तर वाचलेल्या वेळाचं काय करायचं हे बाईनेच ठरवायचं ना? की तो वेळही दुसऱ्या कामात घालायचा?

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या मेळाव्यात पोटगी आणि मजुरीबरोबर हाही विषय घेऊ या. सुरुवात मी माझ्यापासून करते. पुढच्या खेपेला शेजारणीने विचारलं तर सांगेन, पक्षी बघायला चाललेय. आणि तिलाही विचारेन, येतेस का?