विश्लेषण : यकृताचा आजार मेंदूत गोंधळ का माजवतो?

रात्री टक्क जाग, दिवसा पेंग. पैसे मोजताना चूक, क्षुल्लक कारणावरून चिडचिड. सिरॉसिसच्या रुग्णात असे बदल दिसले की घरचे ते वयावर, स्वभावावर किंवा दारूवर ढकलतात. रुग्णाने दारूला कधी स्पर्श केलेला नसतानाही. हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरमुळेही सिरॉसिस होतो. जळगाव-धुळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा तर या लक्षणांवर विशेष नजर हवी.

मेंदूत काय घडते?

आतड्यातले जिवाणू प्रथिनांपासून अमोनिया बनवतात. निरोगी यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे निघून जातो. निबर झालेल्या यकृताला हे काम झेपत नाही. शिवाय आतड्यातले बरेच रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरात मिसळते. मेंदूतल्या आधारपेशी हा अमोनिया वापरून ग्लुटामिन तयार करतात आणि पाणी ओढून फुगतात. हीच ‘हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी’.

साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुधा काही सापडत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये मात्र दिसते की, एरवी एका लयीत चालणाऱ्या मेंदूच्या भागांमधला ताळमेळ सैल झाला आहे. स्वस्थ बसलेले असताना सक्रिय राहणारे ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ त्यात ठळक. गावे जागच्या जागी, रस्ते मात्र खचलेले. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या रुग्णांतही हे आढळले आहे. अशा रुग्णाचे बोलणे नीट असते, पण लक्ष आणि प्रतिसाद मंदावलेला असतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग ज्या धुळ्यात एकमेकांना छेदतात, तिथे गाडी चालवणाऱ्यासाठी ही किरकोळ बाब नव्हे.

ओळखायचे कसे?

फंक्शनल एमआरआय हे मुख्यतः संशोधनाचे साधन. दवाखान्यात कागदावरचे आकडे क्रमाने जोडायला लावतात किंवा एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला. दुसऱ्या चाचणीला घड्याळ पुरते, अक्षरओळखही लागत नाही. नावे दहाच्या आत अडकली तर डॉक्टर सावध होतात. पसरलेले हात फडफडू लागले, दिवस-वार कळेनासा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

उन्हाळा आणि डाळ

पोटात पाणी झालेल्यांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू असतात. त्यात घाम, उलट्या-जुलाब झाले की शरीरातले पाणी व क्षार घटतात. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटातला रक्तस्राव आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी हीही नेहमीची कारणे. लॅक्ट्युलोज दिवसाला दोन-तीन सैल शौच होतील इतके देतात. गरजेनुसार जोडीला रिफॅक्सिमिन. औषधाने पोट बिघडले, असे समजून ते परस्पर बंद करणे ही फार सर्रास होणारी चूक.

दुसरी चूक म्हणजे ‘डाळ बंद’. स्नायूही अमोनिया निकामी करतात, त्यामुळे प्रथिने तोडली की नुकसानच. रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे आता मानले जाते. उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी चालते. हात आखडायचा तो पापड, लोणचे आणि खारट शेवेवर. झोपण्यापूर्वी थोडे खाणेही उपयोगी.

यकृत प्रत्यारोपणानंतर मेंदूचे जाळे बरेचसे सावरते. मात्र त्याआधी वारंवार असा गोंधळ उडालेल्या काही रुग्णांत थोडी उणीव मागे राहते.