विश्लेषण : अक्षर न येणारी आजी नातवाला पुस्तक कसे वाचून दाखवेल?

सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की वाटेत तामलवाडी लागते. या भागातल्या गावांना मोठ्याने वाचणे नवे नाही. श्रावणात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, तो वाचक. दुसरा तिचा अर्थ सोप्या भाषेत सांगतो, तो सूचक. समोर बसलेल्या कुणाला अक्षरओळख नसली, तरी पोथी कळते. मात्र हेच तीन वर्षांच्या मुलासाठी, चित्रांचे पुस्तक घेऊन करायचे म्हटले की ‘आम्हाला वाचता कुठे येते’ म्हणून घरचे मागे सरतात. मुलाची भाषा वाढवण्यात मोठा वाटा सूचकाचा असतो, हे लक्षात घेतले तर ही अडचण निम्मी कमी होते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचे त्यांनी दोन गट केले. पुस्तके दोन्हीकडे वाचली जात होती. एका गटातल्या पालकांना मात्र मध्येच थांबून प्रश्न विचारायला आणि मुलाचे उत्तर वाढवून परत म्हणायला शिकवले. चार आठवड्यांत ही मुले बोलण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेली. ती कुटुंबे सुस्थितीतली होती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण या पद्धतीला खर्च नाही.

मूल चित्रावर बोट ठेवून ‘कुत्रं पळालं’ म्हणाले, की आजीने म्हणावे, ‘हो, काळं कुत्रं पळालं. कशाला भ्यालं असंल रं?’ आणि गप्प बसावे. उत्तर यायला वेळ लागतो. मोबाइलवरचा व्हिडीओ नेमका इथेच कमी पडतो. तो उत्तरासाठी थांबत नाही.

मग नुसत्या गप्पा का नकोत?

घरातले बोलणे बरेचसे कामापुरते असते : जेव, ऊठ, तिकडे जाऊ नको. २०१५ मधल्या एका अभ्यासात १०० इंग्रजी चित्रपुस्तके तपासली गेली. मुलांशी होणाऱ्या तेवढ्याच बोलण्याच्या तुलनेत पुस्तकांत वेगवेगळे शब्द सुमारे १.७ पट निघाले. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. घरात मराठवाडी बोली, तांड्यावर गोरमाटी, सोलापूरच्या बाजूला कन्नड-तेलुगू आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी. ही भाषा पहिलीच्या वर्गात पहिल्यांदा कानावर पडण्यापेक्षा आधी मांडीवर बसून ऐकलेली बरी. शाळेत जाणारी थोरली बहीण वाचक आणि आजी सूचक, अशी जोडी जमू शकते. अर्थ मात्र घरच्या बोलीतच सांगावा. बोली सुधारत बसलो तर मूल बोलायचेच थांबेल.

योजनांत काय सुटते?

‘असर २०२४’नुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. राज्याचा ‘महावाचन उत्सव’ मात्र तिसरीपासून पुढे आहे. पायाच कच्चा असताना वरच्या मजल्यावर उत्सव करून किती साधणार? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, तरी लहान मुलाच्या हातात कागदी पुस्तकच हवे. अंगणवाडीतली पुस्तके फाटतील म्हणून कपाटात ठेवण्यापेक्षा घरी द्यावीत. दिवाळीच्या सुमारास धाराशिव-बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुले आई-बापासोबत फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. टोळी निघण्याआधी प्रत्येक घरात दोन चित्रपुस्तके पोहोचवायला अंगणवाडीला वेगळ्या योजनेची गरज नाही. पुस्तक फाटले तर जाब विचारला जाणार नाही, एवढे वरून लेखी मिळाले की पुरे.