कॉलेज बदलायचंय? आधी झोप-भूक पाहा

दिवाळीच्या सुट्टीत दोडामार्गला घरी आलेली पहिल्या वर्षाची मुलं पोटदुखी, डोकेदुखी घेऊन दवाखान्यात येतात. रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल. मग हळूच कळतं, पुण्या-कोल्हापुरातलं कॉलेज नकोसं झालंय. पालकांचं एकच, "फी भरलीय, आता काढ कसंतरी."

मला हे पटत नाही. कॉलेज बदलणं म्हणजे हरणं नव्हे. २०२१पासून 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आली आहे, कमावलेले क्रेडिट तिथे जमा राहतात. नव्या कॉलेजात ते धरतात का आणि जागा आहे का, हे मात्र आधी विचारून घ्या.

पण त्याहून आधी मुलाकडे पाहा. घरी आल्यावर दोन दिवसांत जेवू-हसू लागलं (आईच्या हातची माशाची कढी हे अर्धं औषध!), तर त्रास बहुधा तिथल्या वातावरणाचा. घरीही दोन आठवडे उदासी, झोप नाही, भूक नाही, मित्रसुद्धा नकोसे, तर ते नैराश्य असू शकतं. ते नव्या कॉलेजातही सोबत जाईल. अशा वेळी उपचार आधी, दाखला नंतर. औषधाचा गुण दिसायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर नाव काढायची घाई नको.

मूल मरणाची भाषा बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीअपरात्रीही बोलता येतं.