यंत्रशिक्षकाची मालकी कोणाकडे?

पुण्यातील बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकात, जुने क्रमिक पुस्तक कमी दामात मिळते. वर्ष सरले की तेच पुन्हा विकता येते किंवा धाकट्या भावंडाच्या हाती देता येते. गणित व विज्ञान शिकविणाऱ्या, प्रत्येक मुलाच्या वकुबानुसार प्रश्न बदलणाऱ्या खाजगी संगणकप्रणालींत ही सोय नाही. तेथे सहसा वापराचे भाडे भरावयाचे. मुदत संपली की दार बंद. ज्ञानाचे साधन खंडाने कसावयाच्या जमिनीसारखे झाले आहे.

या प्रणालींचा गुण मात्र नाकारता येणार नाही. समीकरणात अडलेल्या मुलाची खरी अडचण अपूर्णांकात असेल, तर त्या त्याला तेथवर मागे नेतात. गच्च भरलेल्या वर्गात कितीही तळमळीचा शिक्षक हे प्रत्येकासाठी करू शकत नाही. मुरलीधरन, सिंग व गॅनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीत 'माइंडस्पार्क' प्रणालीची केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. पाहणीतील सहावीची मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीची साडेचार. केंद्रावर प्रवेश मिळालेल्या मुलांनी साडेचार महिन्यांत लक्षणीय प्रगती केली. परंतु दीड तासापैकी निम्माच वेळ यंत्रापुढे जाई. उरलेला वेळ लहान गटाला शिकविणारा माणूस असे. शिक्षककपातीसाठी या पाहणीचा दाखला देणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

खरा प्रश्न मालकीचा आहे. मुलगी गणित सोडविते, चुकते. अशा असंख्य चुकांच्या नोंदींवर प्रणाली सुधारते. श्रम मुलांचे, भांडवल कंपनीचे! आणि कंपनीच बुडाली तर? देशभर गाजावाजा झालेल्या 'बायजूज'च्या मूळ कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

उच्च शिक्षणासाठी केंद्राने २०१९ साली 'नीट' योजना (प्रवेशपरीक्षा नव्हे) जाहीर केली. तीत कंपन्यांनी शुल्क घ्यावे आणि एकूण नोंदणीच्या २५ टक्के इतकी मोफत कूपने गरिबांना द्यावीत, असे ठरले. म्हणजे बाजार आधी आणि हक्काच्या जागी दानधर्म. याच पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे नेमके दाखविले होते, की पैसा रयतेच्या करातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो.

सरकारी पैशातून अशी प्रणाली शाळांत येणार असेल, तर तिचा मराठी प्रश्नसंग्रह 'बालभारती'च्या पुस्तकांइतकाच सार्वजनिक असला पाहिजे आणि मुलांच्या नोंदी विकण्यास बंदी हवी. शिक्षकांची रिक्त पदे त्याआधी भरावीत. महापालिका किंवा जिल्हा परिषद असा करार करू लागली, की मसुदा मंजूर होण्यापूर्वीच कार्यकर्त्यांनी तो मागवून वाचावा; नोंदींच्या मालकीचे कलम बहुधा शेवटच्या पानांत सापडेल.