स्वस्त गाइड महाग पडते

चंद्रपूर, बल्लारपूर, अहेरीकडच्या तरुणांना संगणक नेटवर्किंगच्या परीक्षेचे गाइड बहुधा न चाळताच मागवावे लागते. फसगत होते ती येथेच. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो.

पहिली, मुखपृष्ठावरील परीक्षा क्रमांक. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेचा 200-125 हा क्रमांक फेब्रुवारी 2020 मध्ये बंद होऊन 200-301 आला. जुने गाइड निम्म्या किमतीत मिळाले तरी घेऊ नये.

दुसरी, अभ्यासक्रम. तो सिस्कोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. गाइडची अनुक्रमणिका त्याच्याशी ताडून पाहावी. 200-301 मध्ये आयपी जोडणीला 25 टक्के, सुरक्षेला 15 टक्के व ऑटोमेशनला 10 टक्के भाग दिला गेला. हे धडे आहेत की नाहीत, ते पाहावे.

तिसरी, सराव. चांगले गाइड राउटर व स्विच प्रत्यक्ष जुळवायला लावते आणि उत्तर का चुकले तेही सांगते. सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर विनामूल्य मिळते.

चौथी, 'हमखास तेच प्रश्न' म्हणून विकले जाणारे संच. त्यांना हात लावू नये. गैरप्रकार आढळल्यास सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते.

प्रमाणपत्राची मुदत 3 वर्षांची. कामाची परीक्षा मात्र रोजची. बंद पडलेले नेटवर्क पाठांतराने सुरू होत नाही, हे आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.