व्यायामाची मात्रा आणि वेदनेचे भय

१८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या शाहूपुरीत बसून हे संपादकीय लिहिताना कंबरदुखीचा दाखला शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागत नाही. गुळाचा सौदा काळाच्या ओघात मार्केट यार्डात गेला असला, तरी तेथे तीस किलोचे रवे दिवसभर हलविणारा हमाल, कुंभार गल्लीत गणेशोत्सवापूर्वी महिनोन्‌महिने वाकून मूर्ती घडविणारा कारागीर, पेढीवर मांडी घालून बसणारा व्यापारी आणि दिवसभर भांगलण करून सायंकाळी पुन्हा चुलीपुढे बसणारी शेतकरीण, हे सर्व अखेरीस आपल्याच उपचारगृहाची पायरी चढतात; आणि तीन महिन्यांहून अधिक काळ दुखणे सोसलेल्या या रुग्णांना आपल्यापैकी बहुतेकजण जो उपचार देतात, तो शेक, विजेचे यंत्र, कमरेचा पट्टा, वजन लावून दिलेला ताण आणि शेवटच्या सिटिंगला हाती ठेवलेला व्यायामांचा छापील कागद, या शिरस्त्याबाहेर क्वचितच जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत ताण, अल्ट्रासाऊंड, टेन्स आणि पट्टा यांचा नित्य वापर करू नये असे सुचविले आहे, आणि शिक्षण, नियोजित व्यायाम व काही वर्तनोपचार यांस अनुकूलता दर्शविली आहे. म्हणजे ज्या बाबींवर आपला बहुतेक वेळ व रुग्णाचा बहुतेक पैसा खर्च होतो, त्याच बाबी वगळण्यायोग्य ठरल्या, आणि जो कागद आपण जाता जाता हाती देतो तोच उपचाराचा गाभा ठरला. परंतु हा कागद एकटा पुरत नाही, हे आमचे आजचे प्रतिपादन आहे.

‘रुग्ण व्यायामच करीत नाही’ ही आपल्या व्यवसायातील सर्वांत जुनी तक्रार. ती खरी आहे. पण तो का करीत नाही याची चौकशी आपण किती वेळा केली? दुखेपर्यंत करा आणि दुखू लागले की थांबा, असे आपण त्याला सांगतो. सूचना दयाळू दिसते, तथापि तिच्यामुळे व्यायामाचा हिशेब वेदनेच्या हाती जातो. बरे वाटले त्या दिवशी हमाल साठलेले सारे काम उरकतो, पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो, आणि प्रत्येक फेरीगणिक त्याच्या मनात एवढेच पक्के होत जाते की हालचाल म्हणजे इजा व विश्रांती म्हणजे सुटका. सिएटलच्या विद्यापीठात काम करणाऱ्या विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या यंत्रणेची जी मांडणी केली, तिचे मर्म असे की, दुखल्यावर विश्रांती मिळाली तर विश्रांती हे दुखण्याचे बक्षीस होते. म्हणून विश्रांती ठरलेला वाटा पुरा झाल्यावर द्यावी, आणि वाटा असा लहान ठरवावा की वाईट दिवशीही तो पुरा व्हावा.

कोल्हापुरातील वाचकांना हे तत्त्व परके वाटू नये. गंगावेशीच्या वा मोतीबागेच्या तालमीत नवे पोर आले, म्हणजे त्याच्या जोर-बैठकांचा आकडा वस्ताद ठरवितो, पोराचा त्या दिवसाचा हुरूप किंवा आळस ठरवीत नाही. अंगात रग आहे म्हणून दुप्पट काढू पाहणाऱ्यास तो थांबवितो, आणि पाय भरून आले म्हणून हौद्याबाहेर बसू पाहणाऱ्याकडून ठरलेला आकडा काढून घेतो. व्यवहारात आपणही हेच करावयाचे आहे. रुग्ण किती पावले चालतो, किती वेळ बसतो, किती वजन उचलतो, याची चार-पाच दिवस रुजुवात घ्यावी, सरासरीच्या थोड्या खाली आरंभमात्रा धरावी, आणि वाढीचे टप्पे त्याच्या संमतीने आगाऊ लिहून ठेवावेत. ठरलेल्या मात्रेहून कमी करू नये तसे जास्तही करू नये, ही अट बहुतेक रुग्णांना पहिल्याने चमत्कारिक वाटते. पण चांगल्या दिवशीचा अतिरेक रोखणे हे वाईट दिवशीच्या टाळाटाळीस आवर घालण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता भयाविषयी. व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली ज्या भय-परिहाराच्या चक्राचे विवेचन केले, त्याचा आरंभ पुष्कळदा रुग्णाच्या घरी न होता आपल्या टेबलापाशी होतो, हे लिहिताना आम्हांस खेद होतो. एम.आर.आय.चा अहवाल उघडून ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘आता वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही’ असे जे आपण सहज बोलून जातो, ते त्या माणसाच्या मनात न्यायालयाच्या निकालासारखे कायम राहते. वस्तुतः ज्यांना मुळीच कंबरदुखी नाही अशा लोकांच्या तपासण्यांचे जे संकलन २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यात चकतीची झीज विशीतील ३७ टक्के, पन्नाशीतील ८० टक्के आणि ऐंशीच्या वयातील ९६ टक्के लोकांत आढळली. हे आकडे प्रत्येक उपचारगृहाच्या भिंतीवर मराठीत लावावेत, इतके ते उपयोगाचे आहेत. मात्र ‘काही झालेले नाही, घाबरू नका’ एवढे सांगितल्याने भय जात नाही. ‘डॉक्टरसाहेब, रवा उचलला आन्‌ परत कंबर धरली तर?’ या प्रश्नाचे उत्तर शब्दांत नाही. ते त्याच्या हातून रवा उचलवून घेण्यात आहे. बाजारात गुळाचे रवे एक, पाच, दहा आणि तीस किलोंचे मिळतात, तेव्हा यासाठी निराळे साहित्य आणण्याचीही गरज नाही. आधी रिकामे पोते, मग एक किलोचा रवा, मग पाच. प्रत्येक वेळी काय होईल असे त्याला वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे, श्वास रोखून कंबर ताठ धरण्याची त्याची सवय त्या क्षणीच सोडवावी, आणि पुढचा टप्पा त्यालाच निवडू द्यावा. येथे व्यायाम कोणता आणि वर्तनोपचार कोणता, हे वेगळे काढता येत नाही, आणि म्हणूनच हे काम भौतिकोपचारकाचे आहे. दुसऱ्या खोलीतील समुपदेशकाकडे चिठ्ठी देऊन ते उरकत नाही.

प्रमाणांचा विचार करताना उत्साहाला लगाम घालणे इष्ट. २४९ चाचण्यांच्या २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचा उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत, व्यायामाने वेदना शंभरपैकी सुमारे १५ अंशांनी कमी झाल्याचे दिसते, पण कार्यक्षमतेतील लाभ त्याहून बराच लहान आहे. ९७ चाचण्या व तेरा हजारांवर रुग्ण यांच्या २०२२ सालच्या विश्लेषणात, भौतिकोपचाराला वेदनाशिक्षण किंवा वर्तनोपचार जोडला असता त्याचा परिणाम अधिक व अधिक टिकाऊ आढळला. आणि २०२३ साली ऑस्ट्रेलियातून प्रसिद्ध झालेल्या ४९२ रुग्णांच्या चाचणीत, आधी प्रशिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारकांनी बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटींत वेदनेचा उलगडा, टाळलेल्या हालचालींचा नियंत्रित सराव आणि जीवनक्रमातील बदल हे तिन्ही एकत्र साधले, तेव्हा मिळालेला लाभ वर्षअखेरही टिकून होता. यंत्राच्या एका सलग मालिकेत आपण याहून अधिक भेटी खर्च करतो.

आमच्या मते सर्वांत अनुकरणीय दाखला मात्र जुना आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे व्होल्वोच्या कारखान्यातील, कंबरदुखीमुळे आठ आठवडे रजेवर असलेल्या १०३ कामगारांवरील चाचणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तेथे उपचारक कामगाराबरोबर त्याच्या कामाच्या जागेवर गेला, त्याची क्षमता मोजली आणि मात्रेने वाढविलेला व्यायाम वर्तनतत्त्वांना अनुसरून दिला. ते कामगार इतरांच्या आधी कामावर रुजू झाले. आपल्यापैकी किती जणांनी मार्केट यार्डातील हमाल पाठीवर पोते कसे घेतो, थप्पी किती उंच असते, दोन गाड्यांच्या मध्ये त्याला श्वास घ्यायला किती अवकाश मिळतो, हे प्रत्यक्ष पाहिले आहे? ज्याची रोजी अंगमेहनतीवर आहे त्याला ‘वजन उचलू नका’ असे सांगणे म्हणजे उपजीविका सोडण्याचा हुकूम देणे होय, आणि तो पाळण्याची ऐपत त्याच्यापाशी नसते.

घरच्या मंडळींचाही यात मोठा वाटा आहे. आपल्या कुटुंबांत आजाऱ्याच्या हातचे काम काढून घेणे ही मायेची पहिली खूण मानली जाते. ‘राहू द्या, मी आणते पाणी’ असे म्हणणारी पत्नी किंवा ‘आई, तू ऊठ नको’ म्हणणारी सून प्रेमापोटीच तसे करते, आणि तिला दोष देणे अन्यायाचे होईल. तिला एका भेटीत समोर बसवून, ठरलेली मात्रा दाखवून, माया कण्हण्यापेक्षा पुऱ्या केलेल्या कामावर कशी दाखवावी हे समजावून सांगावे. जेथे हे झाले नाही तेथे उत्तम कार्यक्रमही उंबरठ्याशी अडतो.

अर्थात, या सर्वांपूर्वीची तपासणी कोणीही तहकूब करू नये. ताप, वजनातील घट, रात्री वाढणारी वेदना, मूत्र वा शौच यांवरील ताबा सुटणे, जांघेतील बधिरता, पायातील वाढती दुर्बलता, यांपैकी काही दिसल्यास रुग्णाला तत्काळ पुढे पाठवावे. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून दुर्मीळ झालेला नाही. गाढ विषण्णता किंवा आत्मघाताचा विचार आढळला तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेणे हेच कर्तव्य.

अडचण ज्ञानाची कमी आणि हिशेबाची अधिक आहे. यंत्र लावलेल्या वीस मिनिटांची पावती फाडता येते, बोलण्यात गेलेल्या वीस मिनिटांची फाडता येत नाही, आणि शेक न देता परत पाठविलेला रुग्ण आपण काहीच केले नाही असे गावभर सांगतो. यावर एक तजवीज शक्य आहे. इंग्लंडमध्ये ७०१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वैयक्तिक तपासणीनंतर सहा सामूहिक बैठका घेण्यात आल्या, व त्यांचा लाभ वर्षभर टिकला. आठ-दहा हमालांचा असा गट सौदे संपल्यावर यार्डातच बसविला, तर खर्च वाटला जाईल, आणि आपल्यासारखाच दुसरा कोणी वाकून रवा उचलतो आहे हे पाहण्याचा जो परिणाम होतो, तो आपल्या कोणत्याही व्याख्यानाने साधणारा नाही.

या हेतूने पुढील अंकांसाठी आम्ही वाचकांकडून रुग्णवृत्ते मागवीत आहोत. नाव-गाव वगळून एवढा तपशील असावा: रुग्ण पहिल्या भेटीत कोणती कामे टाळीत होता, आरंभमात्रा किती ठरली, ती कोणत्या दिवशी व कशामुळे चुकली, घरातील कोणाशी बोलणे झाले, आणि सहा महिन्यांनी तो कामावर होता की नाही. वेदनेचा आकडा लिहावा, पण शेवटी. ज्यांत हा मार्ग फसला ती वृत्ते आधी छापली जातील. यशाची वर्णने या मासिकाकडे आजवर पुष्कळ आली आहेत.