वणीच्या कोळशात हिमनदीकाठचं रान, जपणार कोण?

गोमुख ट्रेकचे व्हिडीओ आता यवतमाळातही आवडीने पाहिले जातात. हिमनदी मागे सरकली की उघड्या दगडगोट्यांवर आधी दगडफूल आणि शेवाळ येतं, मग गवत, झुडपं. हे पाहायला लोक हजारो रुपये खर्चून जातात. पण असंच काहीसं एकेकाळी आपल्या वणी परिसरात घडलं होतं. मे महिन्यात ४५ अंशांत भाजणाऱ्या वणीत!

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि इथे बर्फ होता. पुरावा दूर नाही. पैनगंगेकाठी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईजवळ चुनखडकावर ओरखडे आहेत. बर्फात रुतलेले दगड घासत गेल्याच्या या खुणा. भूशास्त्रज्ञ फेडन यांनी १८७५ मध्येच त्यावर लिहिलं.

बर्फ वितळला आणि मोकळ्या जमिनीवर झाडं आली. त्यातलं सर्वांत यशस्वी झाड म्हणजे ग्लॉसॉप्टेरिस. पान जिभेसारखं, मधोमध ठळक शीर. खोडात वर्षावलये असायची, म्हणजे ऋतू कडक होते. पानगळ दलदलीत साचत गेली, गाडली गेली आणि तिचाच कोळसा झाला. वणीचा कोळसा म्हणजे हेच रान.

१९१२ मध्ये कॅप्टन स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना उपासमारीतही सुमारे १६ किलो दगड ओढत होती. मृतदेहांसोबत ते सापडले, त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पानं होती. मरतानाही त्यांनी दगड टाकले नाहीत. आपण काय करतो? कोळशाच्या थरांलगतच्या शेल खडकात हे ठसे असतात. कोळसा टनावर मोजला जातो, शेल मात्र मातीच्या ढिगाऱ्यात जातो.

खाणी बंद करा, असं माझं म्हणणं नाही. वणीतली कित्येक घरं त्यांच्यावर चालतात. पण उघड्या खाणीत नवा थर उघडला की भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सुरक्षितपणे आत नेऊन ठसे वेचू द्यायला फार खर्च येत नाही. वेचलेल्या दगडावर खाणीचं नाव, थर आणि तारीख लिहिलेली हवी, नाहीतर तो नुसता शोभेचा दगड. इरईच्या खडकाभोवती कुंपण आणि मराठी फलक हवा. आणि वणीत एक खोली, जिथे शाळेच्या पोरांना ते पान हातात घेऊन पाहता येईल.